‘लगेच’ची डबी

माझा भाचा लहानपणी इतका बारीक होता की घरात सगळे त्याला सुतळी म्हणत. पुढे अंग भरले, दाढी आली, पोटही सुटायला लागले, पण नाव काही सुटले नाही. एका रविवारी हा सुतळी माझ्याकडे आला, माझ्या कपाटातले निम्मे कपडे काढून पलंगावर टाकले, आत एक उशी ठेवली आणि म्हणाला, “आत्या, आत बस.”

“कुठे आत?”

“कपाटात.”

मी छत्तीस वर्षे पहिली-दुसरीच्या वर्गांना शिकवले. बाकांखालून, दारामागून आणि एकदा तर पाण्याच्या रिकाम्या पिंपातून लपलेली मुले बाहेर काढली. मला मात्र आजवर कोणी कपाटात बसायला सांगितले नव्हते.

त्याच्याबरोबर त्याची कॉलेजातली मैत्रीण होती. दोघांनी मिळून कंपनी काढली होती. यंत्राच्या पोटातले सगळे ती बघायची, म्हणून मी तिला पहिल्या दिवसापासून इंजिनीअरबाई म्हणायला लागले. तिने मला नीट समजावून सांगितले. कंपनीचे नाव ‘लगेच’. गिऱ्हाइकाने मोबाइलवरून दुकानदाराला पैसे पाठवायचे. दुकानदाराजवळ साबणाच्या वडीएवढी एक डबी ठेवलेली असणार, ती पैसे आले की बोलून सांगणार. त्या डबीसाठी आवाज हवा होता. मोकळ्या खोलीत आवाज घुमतो, कपड्यांनी भरलेल्या कपाटात घुमत नाही, म्हणून कपाट.

“अरे, पण माझाच आवाज कशाला? रेडिओवरची एखादी गोड गळ्याची मुलगी बघ.”

“गोड गळ्यावर पैशाच्या बाबतीत कोण विश्वास ठेवतं?” सुतळी म्हणाला. “बाजारातले निम्मे दुकानदार तुझ्या हाताखालून गेलेत. तू म्हणालीस पैसे मिळाले, की मिळाले.”

मला बरे वाटले, खोटे कशाला सांगू? शाळा सुटून चार वर्षे झाली होती. माझ्या शब्दाला अजून कुठे तरी किंमत आहे हे ऐकून मी निमूटपणे कपाटात शिरले.

दोन दिवस लागले. आपल्याकडे शंभरापर्यंत प्रत्येक आकड्याला स्वतःचे नाव आहे. ‘वीस’ आणि ‘तीन’ हे शब्द जोडून ‘तेवीस’ होत नाही. त्यामुळे एक ते नव्याण्णव असे सगळे आकडे, मग शेकडे, मग हजार. त्रेसष्टपर्यंत माझा घसा बसला, दुसऱ्या दिवशी चौसष्टपासून पुढे. शेवटी एकच शब्द उरला, ‘मिळाले’. तो मात्र इंजिनीअरबाईने माझ्याकडून सतरा वेळा वदवून घेतला.

“आत्या, फार आनंदात म्हणताय. लॉटरी लागल्यासारखं वाटतंय.”

“मिळाले.”

“आता कोणी तरी गेल्यासारखं वाटतंय.”

“अगं, मग म्हणू तरी कसं?”

तिने थोडा विचार केला. “तुम्ही वर्गात हजेरी घेऊन झाल्यावर किती मुलं आली ते सांगायचात ना, तसं. मोजलं, बरोबर आहे, संपलं.”

मी तसे म्हटले. तेच डबीत गेले.

पहिली डबी घेतली किल्लीवाल्याने. बाजाराच्या तोंडाशी जिन्याखाली त्याचे हातभर दुकान आहे. तो किल्ल्या घासतो तेव्हा डोळे यंत्रावर असतात आणि बोटे लोखंडाच्या चुऱ्याने काळी झालेली असतात. पैसे आले का बघायला मोबाइल हातात घ्यायचा म्हणजे आधी हात पुसा, चष्मा बदला, मग बघा. तोवर गिऱ्हाईक जिना चढून पसार. डबी त्याला देवासारखी धावून आली. तोही माझाच विद्यार्थी, शेवटच्या बाकावरचा.

“बाई, तिसरीत गेलो तेव्हा वाटलं, सुटलो,” तो मला म्हणाला. “आता पुन्हा तुम्ही दिवसभर कानाशी. काल जेवताना पाठ ताठ करून बसलो होतो, बायको विचारते, काय झालं?”

त्याचे बघून भाजीवालीने घेतली, मग घड्याळवाल्याने, मग पूर्ण बाजाराने. ‘लगेच’च्या डबीचे वैशिष्ट्य म्हणजे तिचा वेग. दुसऱ्या कंपन्यांच्या डब्या दहा-बारा सेकंद घ्यायच्या. गिऱ्हाईक पिशवी धरून उभे, दुकानदार डबीकडे बघत उभा, मागे रांग. आमची डबी मोबाइलवर बोट टेकते न टेकते तोच बोलायची. “पंचेचाळीस मिळाले.” की निघा.

वर्षभरात चाळीस डब्यांच्या चारशे झाल्या आणि पुढच्या वर्षी मी मोजणे सोडले. छापखान्यावरच्या एका खोलीतून ऑफिस एका मोठ्या इमारतीत गेले. तिथे भिंतींच्या जागी काचा होत्या, त्यामुळे कोण कामात आहे आणि कोण जांभया देतो आहे हे सगळ्यांना दिसायचे. कोणा गुंतवणूकदाराने बराच पैसा घातला. सुतळी चांगले बूट घालायला लागला. डब्या दुसऱ्या शहरांत गेल्या. एकदा मी परगावी डॉक्टरांकडे गेले असता माझा नंबर विचारला म्हणून ‘बेचाळीस’ म्हणाले, तर औषधाच्या खिडकीतला माणूस दचकून म्हणाला, “कोणी दिले?”

माझी कॉलर ताठ. भाचा हुशार आहे, म्हणून त्याची डबी वेगवान आहे, एवढेच मी सगळ्यांना सांगायचे. वर्गात एखाद्या मुलाने सगळ्यांच्या आधी गणित सोडवून पाटी पुढे केली, तर मी त्याला विचारायचे, “कसं केलंस ते दाखव.” भाच्याला मात्र मी तीन वर्षांत एकदाही विचारले नाही.

मग तो मंगळवार आला. मी त्या दिवशी बाजारात गेले होते. सगळे नेहमीसारखे चालले होते. इकडून “तीस मिळाले,” तिकडून “एकशे दहा मिळाले,” मी मलाच ओलांडून पुढे जात होते.

बुधवारी सकाळी दार वाजले. बाहेर किल्लीवाला. त्याच्या हातात कापडी पिशवी, पिशवीत डबी. मी त्याला आत बोलावले, पाणी दिले. त्याने डबी टेबलावर ठेवली आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून बसला, शाळेत बसायचा तसा.

“बाई, काल दुपारपर्यंत तुम्ही बावीस वेळा ‘मिळाले’ म्हणालात. मी भिंतीवर खडूनं रेघा मारतो. बँकेत पाचच आलेत.”

“कंपनीत फोन केलास का?”

“केला. एक मुलगी म्हणते, आपला कॉल महत्त्वाचा आहे. मग गाणं लागलं.” त्याने डबी माझ्याकडे सरकवली. “मी भांडायला आलेलो नाही, बाई. कंपनी कोण, मला ठाऊक नाही. मी कधी बघितलीच नाही. मिळाले असं तुम्ही म्हणालात, म्हणून तुम्हाला विचारायला आलो.”

मी त्याला एवढेच म्हणाले, “विचारून येते,” आणि चपला घातल्या.

काचांच्या ऑफिसात त्या दिवशी कोणी जांभया देत नव्हते. सुतळी आणि इंजिनीअरबाई एका टेबलाशी बसले होते. दोघांचे डोळे लाल. मी खुर्ची ओढली आणि तीन वर्षे उशिरा तो प्रश्न विचारला, “कसं केलंस ते दाखव.”

सुतळीने सांगितले. ते मी तुम्हाला सोपे करून सांगते. पैसे पाठवायचे असतात तेव्हा गिऱ्हाइकाचा निरोप आधी ‘लगेच’च्या कॉम्प्युटरकडे येतो. तो बँकेला विचारतो. बँक इकडून पैसे काढते, तिकडे घालते आणि मग ‘झाले’ म्हणून कळवते. या उत्तरालाच दहा-बारा सेकंद लागतात. आमची डबी त्या उत्तरासाठी थांबतच नव्हती. गिऱ्हाइकाचा निरोप निघाला की ती ‘मिळाले’ म्हणून मोकळी. शंभरातल्या अठ्ठ्याण्णव वेळा पैसे मागाहून येतच. उरलेल्या दोन वेळा कंपनी स्वतःच्या खिशातून भरायची. दुकानदाराला पत्ताही लागायचा नाही.

“आणि काल?”

“काल बँकेची यंत्रणा बंद पडली,” इंजिनीअरबाई म्हणाली. “अकरा ते अडीच. पैसे गिऱ्हाइकाकडून निघाले नाहीत, दुकानदाराला पोचले नाहीत. डब्या बोलत राहिल्या.”

“तुम्हाला कळलं कधी?”

“मला वीस मिनिटांत कळलं.”

तिने सुतळीकडे बघितले. सुतळी म्हणाला, “ती म्हणाली होती, डब्या गप्प करू या. मी म्हणालो, बँक येईलच दहा मिनिटांत, थांब जरा. डब्या गप्प झाल्या असत्या तर सगळ्यांना कळलं असतं. मग आणखी दहा मिनिटं म्हणालो. मग आणखी दहा.”

वर्गात हजेरी घेताना असे व्हायचे. मी नाव घ्यायचे, तो मुलगा अजून रस्त्याच्या कोपऱ्यावर असायचा आणि त्याचा मित्र बाकावरून ओरडायचा, “हजर!” त्यात वाईट हेतू काही नसायचा. मित्र येतच असायचा, बहुतेक वेळा धापा टाकत पोचायचाही. पण एखाद्या दिवशी तो घरूनच निघालेला नसतो. आणि मग आई शाळेच्या दारात येऊन विचारते, “बाई, वहीत हजर आहे, मग माझा मुलगा कुठे आहे?”

हे मी सुतळीला सांगितले.

“कालचे पैसे द्यायला तरी आहेत का तुमच्याजवळ?”

“कालचे सगळे द्यायला जेमतेम पुरतील,” तो म्हणाला. “पण दिले की तिजोरी साफ. शुक्रवारी गुंतवणूकदार येतोय. त्याला रिकामी तिजोरी दाखवली तर तो दारातूनच परत जाईल. त्याचे पैसे आले की त्यातून सगळ्यांचे देऊ. आत्या, फक्त शुक्रवारपर्यंत लोक शांत राहायला हवेत.” त्याने एक कागद माझ्याकडे सरकवला. “एवढं म्हणशील? सगळ्या डब्यांवर लावू.”

कागदावर लिहिले होते: तुमचे पैसे सुरक्षित आहेत. थोडा धीर धरा.

“आहेत का?” मी विचारले.

“काय?”

“सुरक्षित.”

“होतील.”

“मग ‘होतील’ म्हणते.”

“‘होतील’ म्हटल्यावर कोण थांबणार आहे?”

“म्हणजे तुलाही कळतंय.”

इंजिनीअरबाईने घसा साफ केला. “खरं सांगू का, आत्या? तुम्ही बोलायची गरजच नाही. तुमचा इतका आवाज आमच्याजवळ आहे की मशीन त्यातून कुठलंही वाक्य तयार करतं. कोणाला फरक कळणार नाही. मी याला सकाळीच सांगितलं.”

मी सुतळीकडे वळले. “मग मला कागद कशाला दाखवतोस? लावून टाकायचं.”

त्याने पेनाचे टोपण काढले, पुन्हा घातले. “मला वाटलं, तू ओरडशील,” तो शेवटी म्हणाला.

“मी कधी ओरडले तुझ्यावर?”

“नाही ना. तीच तर पंचाईत आहे.”

इंजिनीअरबाईला अशा वेळी हसू आले. मग तिने एक कोरा कागद घेतला आणि आकडे मांडले. कालचे पैसे पूर्ण दिले, तर गुंतवणूकदार बहुतेक जाणार. डबी बँकेच्या उत्तरासाठी थांबायला लावली, तर ती दुसऱ्या कंपन्यांइतकीच हळू होणार आणि दुकानदार त्यांच्याकडे जाणार, कारण त्या मोठ्या आहेत आणि डबी फुकट देतात. तिने कुठेही रंग न लावता सांगितले. मला ती मुलगी त्या क्षणी फार आवडली.

“कंपनी तुमची आहे,” मी म्हणाले. “ठेवायची की मोडायची, ते मी सांगणार नाही. पण त्या डबीत मी बसलेली आहे. किल्लीवाला मला विचारायला आला होता, तुला नाही. मी त्याला विचारून येते म्हणाले आहे.”

सुतळी उठला, काचेशी जाऊन उभा राहिला. खाली रस्त्यावर गाड्या सिग्नलला थांबत होत्या, सुटत होत्या. दोनदा दिवा बदलला. मग तो परत आला आणि मला म्हणाला, “सांग, काय म्हणशील?”

त्या ऑफिसात काच एवढी की आवाज घुमायचा. शेवटी आम्ही तिघे तळघरात त्याच्या गाडीत काचा वर करून बसलो आणि तिथे मी बोलले. “मंगळवारी अकरा ते अडीच या वेळातले पैसे आलेले नाहीत. ‘मिळाले’ म्हटले, ते चुकीचे होते. ते पैसे कंपनी देईल. आजपासून ही डबी पैसे आल्यावरच बोलेल. तिला वेळ लागेल.”

एकदाच म्हटले. इंजिनीअरबाईने दुसऱ्यांदा म्हणायला लावले नाही.

गुरुवारी सकाळी बाजारातल्या सगळ्या डब्यांनी ते वाक्य एकदम उच्चारले. घड्याळवाल्याने संतापून डबी पाण्याच्या बादलीत बुडवली. भाजीवाली मला बघून म्हणाली, “बाई, चूक झाली म्हणून डबीतून सांगता? समोर येऊन सांगा की.” तिचे बरोबर होते. मी त्या दिवशी संध्याकाळपर्यंत एकेका दुकानासमोर जाऊन उभी राहिले. काहींनी बसायला दिले, काहींनी पाठ फिरवली. एक जुना विद्यार्थी म्हणाला, “आम्हाला आमच्या चुका पाच वेळा लिहायला लावायचात.” मी म्हणाले, “तुझ्याकडे कागद असेल तर दे.” तो वरमला, पण कागद त्याने शोधला होता.

शुक्रवारी गुंतवणूकदार आला. त्याने अर्धा कप चहा घेतला, डबी बोलेपर्यंतचे बारा सेकंद घड्याळात मोजले आणि सभ्यपणे निघून गेला.

त्यानंतर जे झाले त्यात धावपळ काही नव्हती. पाणी गळणाऱ्या माठासारखी कंपनी हळूहळू रिकामी होत गेली. बारा सेकंद लोकांना फार वाटायला लागले. तीन वर्षांपूर्वी तेच लोक सुट्या पैशांसाठी शेजारच्या दुकानात जाऊन यायचे, तेव्हा कोणाला पाच मिनिटांचे काही वाटत नव्हते. एकेक दुकान दुसऱ्या कंपनीकडे गेले. माणसे कमी झाली. ऑफिस काचांच्या इमारतीतून एका गोदामाच्या मागच्या खोलीत आले. पगार आणि भाडे थकू नये म्हणून मंगळवारचे पैसे एकदम न देता प्रत्येक दुकानाला तीन हप्त्यांत द्यायचे ठरले होते. दोन हप्ते वेळेवर गेले. तिसऱ्यासाठी टेबले, खुर्च्या आणि शेवटी सुतळीची गाडी विकली गेली. आठ महिन्यांनी कंपनी बंद करायचा दिवस ठरला, आणि तिसरा हप्ताही त्याच दिवशी.

“मला वाटलं होतं, मला रडू येईल,” सुतळी आदल्या दिवशी माझ्याकडे जेवताना म्हणाला. “भूकच लागतेय नुसती.”

“मग वाढून घे,” मी म्हणाले. त्याने घेतले.

त्या दिवशी सकाळी मी बाजारात गेले. जुन्या डब्या लोकांनी माळ्यावर टाकल्या होत्या; हप्त्यासाठी म्हणून कोणी कोणी शोधून, पुसून पुन्हा लावल्या होत्या. किल्लीवाल्याने मला त्याचे एकुलते स्टूल दिले आणि स्वतः उभ्याने काम करू लागला. यंत्राची चाके फिरत होती, ठिणग्या उडत होत्या. अकराच्या सुमारास डबी बोलली, “तीनशे पंचाहत्तर मिळाले.”

त्याने यंत्र बंद केले. फडक्याने एकेक बोट पुसले. चष्मा बदलला, मोबाइल उघडला, बँकेचे पान येईपर्यंत वाट बघितली. मी तिथेच, त्याच्यापासून हातभर अंतरावर बसले होते. मनाला थोडे लागले.

“आलेत,” तो म्हणाला. मग माझ्याकडे बघून ओशाळला. “राग मानू नका, बाई. आता सगळ्यांचंच बघतो. बायको भाजीत मीठ घातलंय म्हणाली तरी चाखून बघतो.”

“बघत जा,” मी म्हणाले. आणि म्हणता म्हणता लक्षात आले की मला खरोखर तसेच वाटते आहे.

पलीकडे घड्याळवाल्याची डबी बोलली. बादलीत बुडूनही तिच्यात जीव राहिला होता, आवाज तेवढा सर्दी झाल्यासारखा येत होता. त्यानेही मोबाइल काढून बघितले. भाजीवालीची डबी अजून गप्प होती. ती काकड्या रचत होती, पण कान इकडे होता.

तेवढ्यात सुतळीचा फोन आला. “आत्या, सगळ्यांचे पाठवले. संपलं. तू आता घरी जा, ऊन वाढेल.”

“पाठवलेस ना? छान,” मी म्हणाले. “पोचू देत.” आणि स्टूल थोडे सावलीत सरकवून भाजीवालीच्या दुकानाकडे तोंड करून बसले.